निशाणी : कोथरूडच्या कपाटातून परदेशी कोर्टात

महाराष्ट्रातल्या कोर्टात दाखल झालेल्या कागदावर जो क्रमांक पडतो त्याला निशाणी म्हणतात. दावा ही निशाणी १, तात्पुरत्या मनाईचा अर्ज बहुधा निशाणी ५. पुढे पुराव्याचा एकेक कागद शाबीत होत जातो तसे आकडे वाढत जातात. मुलाकडे कायमचे राहायला जाणे, लग्नाच्या जोडीदाराला बोलावणे किंवा देशाबाहेर काढले जाण्याच्या कारवाईला तोंड देणे अशा प्रकरणांत पुण्याहून जे कागद परदेशी अधिकाऱ्यांपुढे आणि इमिग्रेशन कोर्टांपुढे जातात, त्यांनाही अशाच निशाण्या लागतात. कोथरूडच्या घराघरांतून असे कागद जमवून, भाषांतर करून, क्रमाने लावून पाठवण्याचे काम साधारण अर्धशतकापासून चालू आहे. त्यामागची पुराव्याची पद्धत मात्र फार जुनी आहे, आणि निशाणी हा शब्दही तिथूनच आला आहे.

मराठेशाहीत वतनाचा किंवा वाटणीचा तंटा गोतसभेपुढे येई. वादी-प्रतिवादी निवाडा मान्य करण्याचा राजीनामा आणि जामीन देत, आपापली हकीकत लिहून देत, मग कागदपत्र आणि साक्षी तपासल्या जात. निवाड्याचा जो कागद होई तो महजर. त्यावर हजर असलेल्यांची नावे येत, आणि लिहिता न येणाऱ्याच्या नावापुढे त्याच्या धंद्याचे चिन्ह काढले जाई : पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. ‘निशाणी नांगर’ हे शब्द जुन्या महजरांवर वारंवार दिसतात. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर लिहिलेला आणि १९५३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढलेला इंग्रजी ग्रंथ याच कागदांवर उभा आहे. या पद्धतीत माणूस कोण, कुणाचा मुलगा, कोणत्या घरातला, हे ठरे ते त्याला ओळखणाऱ्यांच्या तोंडच्या शब्दांवर. गावाने ओळखले की ओळख पक्की झाली. तिच्यासाठी वेगळा दाखला लागत नसे.

इंग्रजी अमलात हे उलटले. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि पिढ्यान् पिढ्या सारामाफ जमीन खाणाऱ्या घराण्यांना सनदा घेऊन हजर व्हावे लागले. सनद नाही तर इनाम नाही. पुण्याच्या ब्राह्मण, मराठा आणि देवस्थानी घरांनी कागदाच्या जोरावर काहीतरी वाचवण्याची ती पहिली मोठी वेळ. जुन्या पेट्या उघडून, रुमाल सोडून, वंशावळी मांडून पुरावा उभा करण्याची कला तेव्हा अनेक घरांना नाइलाजाने शिकावी लागली. १८७२ चा पुराव्याचा कायदा त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून अमलात आला. दस्त मूळ असावा, मूळ नसेल तर दुय्यम पुरावा कधी चालेल, तीस वर्षांहून जुन्या आणि योग्य ताब्यातून आलेल्या कागदाबद्दल कोर्टाने काय धरून चालावे, हे त्याने ठरवून दिले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने पुराव्यात घेतलेल्या प्रत्येक कागदावर शेरा मारायला सांगितले : दाव्याचा क्रमांक, कागद हजर करणाऱ्याचे नाव, हजर केल्याची तारीख, तो पुराव्यात घेतल्याचा उल्लेख आणि न्यायाधीशाची सही. नांगर-आरशाची निशाणी माणसाची होती. आता ती कागदाची झाली.

कागदाला एवढे महत्त्व देणाऱ्या या राज्यात माणसाच्या जन्माची नोंद मात्र ढिलीच राहिली. पेठांमधल्या जन्माची नोंद नगरपालिकेत होई. कोथरूड तेव्हा हवेली तालुक्यातले खेडे होते, आणि खेड्यातले जन्म-मृत्यू गावपातळीवरच्या नोंदवहीत, म्हणजे लोकांच्या भाषेतल्या कोतवाल बुकात, लिहिले जात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अशा कितीतरी नोंदी मोडीत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना जी अचानक मागणी आली, ती याच वह्यांमुळे. त्यांत बाळाचे नाव बहुधा नसतेच. बापाचे नाव, जात, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, तारीख, एवढेच. नाव बाराव्या दिवशी ठेवले जाई आणि ते कळवायला पुन्हा कुणी चावडीवर जात नसे. पहिल्या बाळंतपणासाठी बाई माहेरी जाई, त्यामुळे नोंद झाली असली तरी ती निराळ्याच तालुक्यात असे. घरात जन्माचा पुरावा म्हणून जपली जाई ती जन्मपत्रिका, तिथी-नक्षत्रासह. पण कोर्टाच्या लेखी ती दुबळी. वय ठरवण्यासाठी पत्रिका हा अतिशय कमकुवत पुरावा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीही म्हटले.

याच काळात शेजारच्या गोव्यात वेगळी रीत रुजली. पोर्तुगीज प्रजासत्ताकाने १९१४ पासून तिथे नागरी नोंदणी सक्तीची केली आणि जन्म, लग्न, मृत्यू सगळे एका पद्धतीच्या वह्यांत आले. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पुढे पोर्तुगीज नागरिकत्व मागता आले ते या वह्यांच्या आधाराने. गोवेकराला नोंद शोधून तिचा उतारा काढावा लागतो. पुणेकराला बऱ्याचदा नोंदच नसते, आणि तिची जागा घेणारे पुरावे एकेक करून जमवावे लागतात. पुण्याच्या फायली जाड होतात त्या यामुळे.

मराठी माणसाच्या परदेशगमनाचे सर्वांत जुने मोठे दफ्तर मॉरिशसमध्ये आहे. १८३४ नंतर मुंबई बंदरातून कोकणातले मजूर तिकडे गेले, आणि प्रत्येकाला एक क्रमांक मिळाला. १८६७ च्या तिथल्या कायद्याने करार संपलेल्या मजुराला आपला फोटो चिकटवलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो दाखवता आला नाही तर अटक. बऱ्याच घराण्यांत पूर्वजाचे छायाचित्र म्हणून हाच एक चेहरा शिल्लक आहे. मॉरिशसच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ते दफ्तर आज वंशावळ शोधणाऱ्यांना उपयोगी पडते.

अमेरिकेचे दार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंद होत होते. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून स्थायिक व्हायला येणाऱ्यांना मज्जाव झाला, आणि १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थानी माणूस नागरिकत्वाच्या कायद्यातल्या अर्थाने ‘गोरा’ नाही असे ठरवले. थिंड यांची बाजू मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित. पंडितांना स्वतःला १९१४ साली लॉस एंजेलिसच्या कोर्टाने नागरिकत्व दिले होते, आणि थिंड निकालानंतर सरकारने तेही काढून घेण्याचा दावा लावला. पंडितांनी वंशाचा वाद बाजूला ठेवला आणि १९१४ च्या निकालाचा कागद पुढे केला. सरकारला तेव्हा हरकत घेण्याची संधी होती, ती घेतली नाही, आणि त्या निकालावर विसंबून आपण वकिली, मालमत्ता, संसार उभा केला, असा त्यांचा मुद्दा होता. अपील कोर्टाने तो १९२६ साली मान्य केला, १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकायलाही घेतला नाही, आणि असे इतर दावे सरकारने गुंडाळले. बारा-तेरा वर्षे जपलेला एक जुना कागद नीट मांडल्याने माणसाचे आयुष्य कसे वाचते, याचे इतके स्वच्छ उदाहरण इमिग्रेशनच्या इतिहासात विरळाच. कोथरूडला लागून असलेल्या हिंगण्याचे धोंडो केशव कर्वे १९२९ साली युरोप-अमेरिका-जपानच्या दौऱ्यावर निघाले तेही याच बंदीच्या काळात. पाहुणा म्हणून जाता येत होते, घर करता येत नव्हते.

१९४६ साली हिंदुस्थानाला वर्षाला १०० जणांचा कोटा मिळाला. खरा बदल १९६५ च्या कायद्याने झाला. देशावर आधारलेले कोटे गेले, शिक्षण आणि नातेसंबंध हे निकष आले, आणि सज्ञान अमेरिकन नागरिकाच्या आईवडिलांना संख्येच्या मर्यादेबाहेर ठेवले गेले. कोथरूडच्या घरांतल्या कागदांना मागणी आली ती मुख्यतः या शेवटच्या तरतुदीमुळे.

त्याच दशकात कोथरूड बदलत होते. पानशेतच्या १२ जुलै १९६१ च्या पुराने नदीकाठच्या पेठांतले वाडे पाडले आणि त्यांतल्या पेट्या, दाखले, पत्रिका, लग्नाचे फोटो वाहून नेले. पुढच्या काळात पेठांतली कुटुंबे शहराच्या कडेच्या वसाहतींत सरकत गेली. १९६२ साली कोलंबस, इंडियानाच्या कमिन्स कंपनीबरोबरच्या भागीदारीतून किर्लोस्कर कमिन्स कोथरूडमध्ये आली. सहकारी गृहरचना संस्था उभ्या राहिल्या, पौड रस्ता आणि कर्वे रस्ता यांच्या मधली शेते डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी, आयडियल कॉलनी अशा नावांनी भरत गेली. १९८३ साली एमआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेज आले. इंजिनिअर झालेली मुले शिकायला गेली, तिथेच राहिली, नागरिक झाली, आणि १९८०-९० च्या सुमारास त्यांची आईवडिलांना पत्रे येऊ लागली : तुमचा जन्मदाखला, माझा जन्मदाखला आणि तुमच्या लग्नाचे सर्टिफिकेट पाठवा. या तीन कागदांपैकी एकही घरात नाही, हा अनुभव त्या पिढीत सर्रास होता.

भारतात जन्म-मृत्यू नोंदणीचा एकसारखा कायदा १९६९ साली झाला आणि महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानेही हीच तारीख भारतासाठी सीमारेषा धरली. त्यानंतर जन्मलेल्याने महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला द्यायचा; त्याआधीच्याला दुय्यम पुरावा चालतो. दुय्यम पुराव्याची पहिली पायरी म्हणजे नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र. काही नाही याचा कागद मिळवण्यासाठी माणसाला आपल्या आजोळच्या तालुक्याला जाऊन जुन्या वह्यांची पाने उलटून घ्यावी लागतात. बहात्तर वर्षांच्या बाईला त्यासाठी वाई किंवा संगमनेर गाठावे लागणे हा व्यवस्थेचा निष्ठुरपणाच आहे.

मग शाळा सोडल्याचा दाखला येतो. पुण्याच्या फायलींतला हा सर्वांत वजनदार कागद आहे, आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. पिवळट कागदावर वर शाळेचे नाव, रजिस्टर नंबर. मग विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, जात-पोटजात, जन्मस्थळ. जन्मतारीख आकड्यांत आणि पुन्हा अक्षरांत. आधीची शाळा, प्रगती, वर्तन, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण. खाली हेडमास्तरांची सही आणि शिक्का. तारीख अक्षरांत लिहिलेली असते म्हणून तो टिकतो, कारण आकड्यात खाडाखोड करता येते, अक्षरांत ती लपत नाही. त्याचा दोषही सगळ्यांना माहीत आहे. शाळा जूनमध्ये उघडे, वय पुरेसे हवे, आणि घरच्यांना तिथी माहीत असली तरी तारीख नसे. म्हणून गुरुजी १ जून लावून टाकत. एका वर्गात डझनभर मुलांचा वाढदिवस १ जूनला येई. पत्रिका वेगळी तारीख सांगते, पासपोर्ट दाखल्यावरून काढलेला असतो, आणि फाइल लावणाऱ्याला दोन्हींचा मेळ घालणारे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. दुसरा दोष आईचा. जुन्या दाखल्यांवर फक्त वडिलांचे नाव असे. मुलाने आईसाठी अर्ज करायचा आणि मुलाच्या कागदावर आईच नाही, असा पेच त्यातून होई.

नावांचा गुंता तर मराठी रिवाजातूनच येतो. मुलीचे मधले नाव वडिलांचे, लग्नानंतर नवऱ्याचे, आडनाव बदलले, आणि अनेक घरांत लग्नात तांदळावर नवे नाव लिहून पहिले नावही बदलले. शाळेतली कुसुम आणि पासपोर्टवरची सुनीता एकच, हे अमेरिकेतल्या अधिकाऱ्याला आपोआप कळण्याची सोय नसते. त्यासाठी एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र, जमल्यास महाराष्ट्र शासन राजपत्रातली नावबदलाची जाहिरात, आणि दोन्ही नावे एकत्र दिसतात असा एखादा कागद लागतो. हे काम लग्नपत्रिका कधीकधी फार छान करते : ‘चि. सौ. कां.’ पुढे माहेरचे नाव, खाली दोन्हीकडच्या वडिलधाऱ्यांची नावे, तारीख, तिथी, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता. नात्यांचे इतके तपशील सरकारी दाखल्यातही नसतात. १९५०-६० मधल्या लग्नांची नोंदणी फार थोड्यांनी केली होती, म्हणून पत्रिका, कार्यालयातला फोटो आणि साक्षीदार घेऊन सत्तरीतली जोडपी लग्न नोंदवायला जात. १९९८ च्या राज्याच्या कायद्यानुसार त्यासाठी तीन साक्षीदार लागतात आणि भटजींची सही. लग्न लावणारे भटजी केव्हाच गेलेले असत.

कागद संपले की माणसे येतात. अमेरिकी नियमांत दुय्यम पुरावाही नसेल तर प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रे मागतात. हा महजराचाच आधार आहे, फक्त आता नोटरीच्या लाल शिक्क्यासह. त्याचा कस एका वाक्यावर लागतो : साक्षीदाराला हे कसे माहीत? ‘जन्म झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते, बाळंतपण आमच्या घरी झाले, सुईणीला बोलवायला मला पाठवले होते’ असे मावशीने सांगितले तर ते पुरावा ठरते. टाइपवाल्याकडचा तयार मजकूर घेऊन फक्त नावे बदललेली दोन प्रतिज्ञापत्रे शब्दाला शब्द सारखी निघतात आणि साक्षीदारांवरचा विश्वासच घालवतात. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात हा तयार मजकूर वर्षानुवर्षे चालत आला, आणि त्याने नुकसानच केले.

बहुतेक प्रकरणे मुंबईच्या अमेरिकी वकिलातीतच मिटतात. कोर्टापर्यंत जातात ती थोडी. मुदतीपलीकडे राहिलेला, दर्जा गमावलेला, लग्नाच्या खरेपणाबद्दल शंका घेतली गेलेला माणूस इमिग्रेशन न्यायाधीशापुढे उभा राहतो. ही कोर्टे १९८३ पासून अमेरिकेच्या न्याय खात्यातल्या स्वतंत्र कार्यालयाखाली आहेत. तिथे पुराव्याचे नेहमीचे कडक नियम लागत नाहीत. कागद मुद्द्याशी संबंधित आणि त्याचा वापर न्याय्य असला की तो घेता येतो. म्हणूनच लग्नपत्रिकेला तिथे जागा आहे. पण मांडणीची शिस्त कडक आहे. २००८ मध्ये लागू झालेल्या कार्यपद्धतीच्या पुस्तिकेने ती लिहून काढली : वर मुखपृष्ठ, मग अनुक्रमणिका, प्रत्येक पुराव्याला अक्षराची खूण, आणि पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत सलग पृष्ठांक. सरकारचे आरोपपत्र बहुधा पहिली निशाणी होते. २००५ च्या एका कायद्यानंतर आश्रय मागणाऱ्याकडून न्यायाधीश पूरक पुरावा मागू शकतो, आणि तो मिळवणे शक्य नव्हते हे दाखवायची जबाबदारीही अर्जदारावर येते. तेव्हापासून ‘नोंद उपलब्ध नाही’ या कागदाचे मोल आणखी वाढले.

मराठी कागदासोबत इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे सही केलेले निवेदन जोडावे लागते, की त्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर खरे व अचूक आहे. निवेदन दोन ओळींचे असते, पण काम नाजूक असते. देवनागरी १ परक्या डोळ्याला इंग्रजी नऊसारखा दिसतो. १/६/१९५५ ही १ जून अमेरिकेत ६ जानेवारी म्हणून वाचली जाते. म्हणून जाणता भाषांतरकार महिना नेहमी अक्षरांत लिहितो. शिक्क्यातली अर्धवट अक्षरे, समासातला शेरा, खाडाखोड, सगळे भाषांतरात यावे लागते; वाचता न येणाऱ्या जागी ‘अस्पष्ट’ असे लिहावे, अंदाज बांधू नये. झेरॉक्सचीही एक अडचण आहे. आपला ए-फोर कागद २९७ मिलिमीटर उंच, अमेरिकेचा लेटर २७९. जुना फूलस्कॅप दाखला तिकडच्या मापात बसवताना खालची पट्टी जाते, आणि हेडमास्तरांची सही व शिक्का नेमके त्या पट्टीत असतात. छपाई थोडी लहान करून चारही कडा दाखवणे हा त्यावरचा उपाय.

सरकारी कागदाच्या खरेपणाची साखळी २००५ मध्ये सोपी झाली. भारत परदेशी कागदांच्या साक्षांकनाबाबतच्या हेग करारात आला, आणि राज्याच्या साक्षांकनानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल हा शिक्का पुरेसा ठरला. नात्याचा पुरावा तर त्याआधीच कागदाबाहेरही गेला होता. १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये ॲलेक जेफ्रीज यांच्या डीएनए तंत्राचा पहिला उपयोग झाला तो इमिग्रेशनच्या प्रकरणातच. घानाहून आलेला मुलगा आपल्या आईचाच आहे हे त्यातून ठरले. वहीत नाव नसलेल्या आईला तो आधार मिळाला.

११ फेब्रुवारी २०२२ पासून अमेरिकेतल्या वकिलांना इमिग्रेशन कोर्टात कागद इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच दाखल करावे लागतात. कोथरूडच्या घरातून पूर्वी कुरिअरने जाणारा जाड लखोटा आता स्कॅन होऊन जातो. मूळ दाखले कपाटातच राहतात, सुनावणीला मागितले तर दाखवायला. इकडे २०२३ च्या दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा झाला आणि पासपोर्टलाही दुसरा कागद चालेनासा झाला. उशिरा नोंदवायच्या जन्मासाठी पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा हुकूम लागे. तो अधिकार जिल्हाधिकारी आणि उपविभागीय अधिकाऱ्यांकडे गेला. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावात आईचे नाव वडिलांच्या आधी येते. १९७० पूर्वी जन्मलेल्यांच्या फायलींत मात्र शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका आणि मावशीचे प्रतिज्ञापत्र हाच क्रम आहे.